ओटा, माजघर आणि कपाटाची किल्ली

डिसेंबरातली संध्याकाळ. भाची मैदानावरून थेट आमच्या घरी आली. गुडघ्यावर माती, खांद्याला किटची पिशवी, हातात दोन पानांचा फॉर्म. इंदूरच्या लोकमान्य नगरात तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. पण माझी बहीण आणि मेहुणे लग्नाला उज्जैनला गेले होते, रात्री उशिरा परतणार होते, आणि फॉर्म दुसऱ्या दिवशी अकराच्या आत द्यायचा होता. आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धा आठवड्यावर आलेली. "मावशी, इथे पालकांची सही लागते. तू करतेस?"

सही आईचीच लागेल, म्हटलं, पण आण, वाचून तरी बघू.

पहिल्या पानावर नेहमीचंच होतं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, ट्रॅकसूटचं माप, बुटाचा नंबर. बुटाच्या नंबराखाली आणखी एक रकाना होता: इन्स्टाग्राम आयडी. मागच्या पानावर हिंदीत हमीपत्र, बारीक टाइपात. सातव्या कलमात चार गोष्टी एका दमात लिहिलेल्या. खेळाडू आपली सगळी सोशल मीडिया खाती क्रीडा विभागाला कळवेल. खातं प्रायव्हेट असेल तर विभागाकडून आलेली फॉलो रिक्वेस्ट स्वीकारेल. मागितल्यास मोबाइल तपासायला देईल. आणि कॉलेजच्या प्रतिमेला धक्का लावणारं काही आढळलं तर संघातून काढण्याचा अधिकार विभागाकडे राहील.

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. कॉलेजात असताना नेहरू स्टेडियमवर खो-खो खेळले, त्यामुळे क्रीडा विभागाची खोली, ते फॉर्म, ट्रॅकसूट मिळेपर्यंतची धाकधूक, सगळं माहितीचं आहे. आमच्या वेळी फॉर्मवर फक्त माप विचारत.

भाची म्हणाली, "सगळ्याच भरतायत गं. आणि माझ्याकडे लपवायला आहे तरी काय?"

मी तिला म्हटलं, मला दाखव, तुझ्या खात्यावर कोण काय बघतं. तिने फोन पुढे केला. तिची दोन खाती आहेत. एक सगळ्यांसाठी उघडं: खुंटावर सूर मारल्याच्या रील, संघाचे फोटो, राजवाड्यासमोरची एक संध्याकाळ. दुसरं प्रायव्हेट, तेवीस जणींचं. त्यात आदल्या रात्रीची स्टोरी होती. गुडघ्यावर बर्फाची पिशवी आणि खाली एक ओळ: परत दुखतोय, सरांना सांगितलं नाही. त्याच्या आधी एका मैत्रिणीचा वाढदिवस, आणि फोटोत त्या मैत्रिणीचा मित्र, ज्याच्याबद्दल तिच्या घरी कुणालाच ठाऊक नाही.

भाची फोनकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच स्क्रीन पालथी घातली.

एका कलमात चार वेगळ्या गोष्टी

या विषयावर बोलताना सगळे "सोशल मीडियावर नजर" असा एकच शब्दप्रयोग वापरतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. नजर एक प्रकारची नसते. जुन्या वाड्याचं उदाहरण घेते. आमच्या आजोळी मल्हारगंजात तसं घर होतं.

ओट्यावर बसून तुम्ही जे बोलता ते रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू येतं. ओटा तुमचाच, पण ऐकणाऱ्याला तुम्ही अडवू शकत नाही. उघड्या खात्यावरची पोस्ट म्हणजे ओट्यावरचं बोलणं. क्रीडा अधिकाऱ्यांनी ती वाचली, तर त्यांनी गैर काही केलं असं मला म्हणता येणार नाही.

पण कुणी समोरच्या पायरीवर वही घेऊन बसला, तुम्ही दिवसभर काय बोललात, कोण आलं, कोण गेलं, किती वाजता दिवा मालवला, हे रोज लिहू लागला, आणि तीन वर्षांनी ती वही उघडून तुमच्याविषयी निवाडा करू लागला, तर? बोलणं ओट्यावरचंच होतं, तरी हे वेगळं आहे. सॉफ्टवेअर लावून खेळाडूंची खाती चोवीस तास चाळणं म्हणजे ही वही.

माजघर वेगळं. तिथे आपण बोलावलेली माणसंच येतात. प्रायव्हेट खात्याला फॉलो रिक्वेस्ट पाठवून ती स्वीकारायची सक्ती करणं म्हणजे माजघरात येऊन बसणं. आणि माजघरात एकटी भाची नसते. त्या फोटोतली मैत्रीण, तिचा मित्र, कमेंट करणाऱ्या बाकीच्या बावीस मुली, यांच्यापैकी कुणीही हमीपत्रावर सही केलेली नाही. एकीच्या सहीने सगळ्यांचं दार उघडतं. ही गोष्ट सही घेणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही, असं मला वाटतं.

राहिली कपाटाची किल्ली: पासवर्ड, किंवा "जरा फोन अनलॉक करून दे". फोनमध्ये आता खाजगी पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेचे संदेश, पाळीची तारीख सांभाळणारं अॅप, सगळं एका ठिकाणी असतं. स्टीलच्या कपाटातसुद्धा एवढं कधी नव्हतं.

"लपवायला काय आहे" हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. मुलगी कपडे बदलताना दार लावते, तेव्हा आत काही गुन्हा चालला आहे असं आपण समजत नाही. तेवीस जणींना सांगायचं आणि सरांना सांगायचं यात मुलीने केलेली निवड आहे, आणि ती निवड करता येणं हाच खासगीपणा. दुखरा गुडघा तिने सरांना सांगायला हवा होता, हे खरंच. तो मी तिला त्याच रात्री सांगायला लावला. पण सांगणं आणि पकडलं जाणं यांत फरक आहे.

अमेरिकेत हे आधी घडून गेलं

आपल्याकडे आता जे हमीपत्रांत दिसू लागलं आहे, ते अमेरिकेतल्या विद्यापीठांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी करून पाहिलं. तिथे विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघ म्हणजे टीव्हीचे करार, हजारो प्रेक्षकांची स्टेडियम, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या. खेळाडू शिष्यवृत्तीवर शिकतो. त्याने एजंटाकडून पैसे किंवा भेटी घ्यायच्या नाहीत, असा त्यांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा, म्हणजे एनसीएएचा, कडक नियम होता.

ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाने 2006 मध्ये खेळाडूंना फेसबुकवरची पानंच काढायला सांगितली. ओरड झाल्यावर ही भूमिका सैल करावी लागली. मोठा धक्का बसला तो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला. 2010 मध्ये तिथल्या फुटबॉलपटूंच्या ट्विटमधून महागड्या गोष्टी आणि पार्ट्यांचा सुगावा लागला, चौकशी सुरू झाली आणि 2011 च्या आरोपपत्रात एनसीएएने असंही लिहिलं की खेळाडूंच्या सोशल मीडियावर विद्यापीठाने पुरेशी आणि नियमित नजर ठेवली नाही. मार्च 2012 मध्ये निकाल आला: वर्षभर हंगामानंतरचे सामने खेळायला बंदी, 15 शिष्यवृत्त्या कमी. त्याच निकालात एनसीएएच्या समितीने हेही स्पष्ट केलं की प्रत्येक विद्यापीठाने सरसकट सगळ्यांची खाती तपासत राहावं, असं बंधन आम्ही घालत नाही. काही संशयाची खूण दिसली, तर मात्र बघायला हवं.

पण घाबरलेल्या माणसाला अर्धंच वाक्य ऐकू येतं. विद्यापीठांनी "नजर ठेवली नाही म्हणून शिक्षा" एवढंच ऐकलं. व्हर्सिटी मॉनिटर, यूडिलिजन्स अशा कंपन्यांनी सॉफ्टवेअर विकायला सुरुवात केली. खेळाडूने खात्याला प्रवेश द्यायचा. सॉफ्टवेअर शब्दांची यादी घेऊन पोस्ट चाळणार. दारू, अमली पदार्थ, शिव्या, एजंटांची नावं यांपैकी काही सापडलं की प्रशिक्षकाला ईमेल जाणार.

शब्दांच्या यादीचा दोष समजायला आपल्या मैदानावर या. खो-खोत आम्ही सूर "मारतो", गडी "मारतो". सामन्याआधी मुली रोमन लिपीत अर्धं हिंदी, अर्धं मराठी लिहितात की उद्या फाडून टाकू, एकीलाही जिवंत सोडणार नाही. यंत्राला यात हिंसा दिसेल. आणि जी मुलगी खरोखर खचली आहे ती लिहील, "आज जेवले नाही, बरं वाटतंय". त्यात यादीतला एकही शब्द नाही.

खेळाडूंनाच का, असा प्रश्न तिथेही विचारला गेला. त्याचं एक जुनं न्यायालयीन उत्तर 1995 चं आहे. ओरेगन राज्यातल्या व्हर्नोनिया गावच्या शाळेने खेळाडूंची अमली पदार्थांसाठी लघवी तपासणी सुरू केली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती 6 विरुद्ध 3 मतांनी मान्य केली. न्यायालयाचं म्हणणं, खेळाडू स्वतःहून संघात येतो, एका खोलीत सगळ्यांबरोबर कपडे बदलतो, जास्तीचे नियम पत्करतो. तेव्हा त्याने इतर मुलांएवढ्या खासगीपणाची अपेक्षा ठेवू नये. क्रीडा विभाग आजही जे म्हणतात त्याच्या मुळाशी हाच विचार असतो.

मला तो पूर्ण चूक वाटत नाही. उत्तेजक चाचणी खेळाडूने मान्य करावीच लागते. वरच्या पातळीवरचे खेळाडू तर रोजच्या दिवसातला एक तास आपण कुठे सापडू हे आधी कळवून ठेवतात, म्हणजे चाचणी घेणारे न सांगता येऊ शकतील. याच नियमावर 2009 मध्ये आपल्या क्रिकेट मंडळाने हरकत घेतली होती, आणि शेवटी 2019 मध्ये ते राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या कक्षेत आलं. पण या व्यवस्थेकडे नीट पाहा. काय मागायचं, कशासाठी मागायचं, कुणी बघायचं, चुकलं तर अपील कुठे, हे सगळं लिहिलेलं आहे. मागितला आहे तो एक तास, उरलेले तेवीस नाहीत. सातव्या कलमात यातलं एकही बंधन नव्हतं.

अमेरिकेत पासवर्ड मागण्याविरुद्ध संताप वाढला, तसे कायदे आले. विद्यार्थ्यांसाठी डेलावेअर राज्याने जुलै 2012 मध्ये पहिला केला. कॅलिफोर्नियाचा कायदा सप्टेंबर 2012 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 2013 पासून लागू झाला: कॉलेजने विद्यार्थ्याकडे पासवर्ड मागायचा नाही, आपल्यासमोर खातं उघडायला लावायचं नाही. पुढे अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. काहींनी कर्मचाऱ्याला मित्रयादीत घ्यायची सक्तीही बंद केली. म्हणजे किल्ली आणि माजघर, दोन्ही. ओटा मात्र उघडाच राहिला, आणि वही लिहिणाऱ्यांचा धंदाही.

मग पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीचं प्रकरण आलं. 2017 मध्ये ती चौदा वर्षांची होती. शाळेच्या चिअरलीडिंगच्या मोठ्या संघात निवड झाली नाही, म्हणून एका शनिवारी दुकानात उभं राहून तिने रागाने स्नॅपचॅटवर शिवी टाकली: शाळेला, संघाला, सगळ्याला. चोवीस तासांत पुसली जाणारी पोस्ट, बघणारे सुमारे 250 मित्र. कुणीतरी तिची प्रत ठेवली, ती प्रशिक्षिकेपर्यंत गेली आणि मुलीला वर्षभर संघातून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि 23 जून 2021 ला 8 विरुद्ध 1 मतांनी ती जिंकली.

त्या निकालातला विचार मला फार मोलाचा वाटतो. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी लिहिलं त्याचा आशय असा. शाळेच्या आवारात शाळा पालकांच्या जागी असते. घरी, सुट्टीच्या दिवशी, पालक पालकांच्या जागी असतात. आवारातलं बोलणंही शाळेच्या ताब्यात आणि बाहेरचंही, असं झालं तर मुलाला चोवीस तासांत मोकळं बोलायला एक क्षण उरणार नाही. शाळेला बाहेर काहीच अधिकार नाही असं न्यायालयाने म्हटलं नाही. छळ, धमकी, अभ्यासाचे नियम मोडणं असेल तर शाळा हात घालू शकते. पण नुसती नाराजी, तीही वाईट शब्दांत, एवढ्यावर नाही.

पुढच्याच आठवड्यात, 1 जुलै 2021 पासून, अमेरिकी कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली. खातं आता त्यांची कमाई झालं आहे. नजर ठेवणाऱ्यांना नवं निमित्त मिळालं आणि खेळाडूला ते खातं जपायला नवं कारण.

आपल्याकडे काय लागू होतं

आपल्याकडे कॉलेजांना विद्यार्थ्यांचा पासवर्ड मागायला नावानिशी मनाई करणारा वेगळा कायदा नाही. म्हणून कुणी विचारलं की "कुठल्या कलमाखाली नाही म्हणू?", तर दोन-चार धागे एकत्र वळावे लागतात.

पहिला धागा निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेतला. 24 ऑगस्ट 2017 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यामागे कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा. उंदीर पकडायला घर पाडायचं नाही, असं समजा. त्याच निकालात म्हटलं आहे की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. वही घेऊन बसणाऱ्याला हे लागू पडतं. मात्र मूलभूत अधिकार मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. सरकारी कॉलेज, सरकारी विद्यापीठ यांना तो थेट बांधतो. खासगी कॉलेजशी भांडताना वाट जरा लांबची होते.

दुसरा धागा, केरळ उच्च न्यायालयाने 19 सप्टेंबर 2019 ला दिलेला एक निकाल, आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये ठरावीक तासांत मोबाइल जमा करायचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, म्हणून तिला हॉस्टेलमधून काढलं. न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट वापरता येणं शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकारात येतं, आणि तिला परत घ्यायला लावलं. शिस्त लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण अठरा वर्षांवरच्या मुलीच्या हातातला फोन हा संस्थेचा प्रश्न नाही, असाच त्याचा अर्थ मी घेते.

त्याच वर्षी जुलैत केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने उच्च शिक्षण संस्थांना पत्र पाठवलं होतं, हे अनेकांना आठवत नसेल. प्रत्येक संस्थेने एक "सोशल मीडिया चॅम्पियन" नेमावा आणि सगळ्या विद्यार्थ्यांची फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्राम खाती संस्थेच्या आणि मंत्रालयाच्या खात्याशी जोडावीत. टीका झाल्यावर मंत्रालयाने खुलासा केला की हे सक्तीचं नाही, चांगलं काम लोकांपर्यंत पोचावं एवढाच हेतू आहे. सक्ती नव्हती हे खरं. पण "जोडा" हा शब्द वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा कडक होत जातो, हे कोर्टात फायली बघणारी माणसं जाणतात.

तिसरा धागा नवा आहे: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. खासगी संस्थांनाही तो बांधतो. यातली एक गोष्ट निराश करणारी: माणसाने स्वतःच जगजाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे समोरच्या पायरीवर बसून वही लिहिणाऱ्याला हा कायदा हटकत नाही. मला ही मोठी फट वाटते.

बाकी संमतीबद्दल मात्र कायदा स्वच्छ बोलतो. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि जितक्या सहजपणे दिली तितक्याच सहजपणे मागे घेता यायला हवी. कायद्यातच एक उदाहरण छापलं आहे. डॉक्टरांचा सल्ला देणारं अॅप उपचारासाठी संमती मागतं आणि जोडीला फोनमधल्या नंबरांची यादीही मागतं. माणूस दोन्हींना हो म्हणतो. तरी ती संमती उपचारापुरतीच धरली जाईल, कारण उपचाराला नंबरांची यादी लागत नाही. आता अॅपच्या जागी खो-खो संघ ठेवा आणि नंबरांच्या यादीच्या जागी प्रायव्हेट खातं. खो-खो खेळायला ते लागत नाही.

अठरा वर्षांखालच्यांसाठी कायदा आणखी पुढे जातो: पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांच्या वागण्याचा माग काढायला मनाई. शैक्षणिक संस्थांना नियमांनी सूट दिली आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती किंवा मुलांच्या सुरक्षेपुरती. प्रतिमा हा शब्द त्यात नाही. भाचीला अठरा व्हायला चार महिने होते. 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, व्यक्तीला करारच करता येत नाही. तिने केलेली सही करार म्हणून टिकली नसती, म्हणूनच पालकांचा रकाना होता.

आणि किल्लीबद्दल एक सांगून ठेवते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. खेळीमेळीत विचारलेला पासवर्डसुद्धा कुणालाही देऊ नका. अगदी आवडत्या सरांनाही नाही.

पण या सगळ्या कलमांपेक्षा मला सही कशी घेतली जाते ते महत्त्वाचं वाटतं. फॉर्म ट्रॅकसूटच्या मापाबरोबर येतो. निवड याच आठवड्यात असते. नाही म्हणणारीला कुणी काढत नाही, तिचं नाव फक्त राखीव खेळाडूंत जातं. खेळाच्या कोट्यावर प्रवेश, खेळावर पुढची नोकरी: रेल्वे, पोलीस, शिक्षिका. घरून रोज दोन बस बदलून येणाऱ्या मुलीला "बिनशर्त संमती" हा शब्द ऐकवणं क्रूरपणाचं आहे. म्हणून माझं ठाम मत आहे की खेळाडूच्या सहीवर भार टाकूच नये. बंधन संस्थेवर हवं, लेखी हवं.

मुलींच्या बाबतीत तर ही नजर कुठे वळते हे वेगळं सांगायला नको. मुलाच्या खात्यावर शिवी शोधली जाते. मुलीच्या खात्यावर कपडे, रात्रीची वेळ आणि फोटोतला मुलगा शोधला जातो. आणि तिथून एक फोन थेट घरी जातो. एखाद्या मुलीचं खेळणं त्या फोनने कायमचं थांबतं.

क्रीडा विभागाच्या खोलीत

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीबरोबर मी कॉलेजात गेले. क्रीडा अधिकारी निवृत्तीला आलेले, साधे गृहस्थ. टेबलावर खो-खोच्या स्पाइक्सचा खोका, त्याच्याखाली फाइल. मी कलम दाखवलं तसे ते चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी एका मुलाने सट्ट्याच्या अॅपची रील टाकली, आपली जर्सी घालून. आणि एका मुलीला महिनाभर घाणेरडे मेसेज येत होते, तिने कुणाला सांगितलं नाही. सरावाला यायची बंद झाली तेव्हा कळलं. मी काय करायचं?"

दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात 2025 च्या कायद्यात गुन्हा ठरवली आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रीलसाठी दोन-पाच हजार घेणाऱ्या पोराला हे माहीतही नसतं. मी त्यांना एवढंच विचारलं की या दोन्हींत सातवं कलम कामाला कसं आलं असतं? ती रील उघड्या खात्यावर होती, ती दिसायला फॉलो रिक्वेस्ट लागत नव्हती. आणि मेसेज इनबॉक्समध्ये येतात; फॉलो केल्याने ते दिसत नाहीत. ते बघायला त्या मुलीचा फोन हातात घ्यावा लागला असता. ज्या मुलीने अनोळखी पुरुषाचे मेसेज सोसले, तिने तिचा फोन तुमच्या टेबलावर ठेवायचा?

ते गप्प झाले. मग म्हणाले, ती कुणाला सांगू शकली असती?

हाच प्रश्न फॉर्म छापण्याआधी विचारायचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्यातल्या एका शिक्षिकेचं नाव आणि नंबर हमीपत्राच्या कागदावर छापला असता, तर त्या मुलीला उपयोग झाला असता. आणि वर्षाच्या सुरुवातीला एक तास सगळ्या खेळाडूंना बसवून सट्ट्याच्या जाहिराती, उत्तेजकं असलेली पावडर, जुन्या पोस्ट यांबद्दल बोलायला हवं. इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन जून 2021 मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळत होता, त्याच दिवशी त्याची अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाची वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी ट्विट वर आली आणि त्याला निलंबित केलं. मुलांना ही गोष्ट एकदा सांगितली की ती स्वतःच आपलं खातं मागे जाऊन बघतात. हेरगिरीने ते होत नाही. हेरगिरीने ती फक्त तिसरं खातं उघडतात.

सरांनी निळं पेन घेतलं. भाचीच्या फॉर्मवर फॉलो रिक्वेस्टचं आणि मोबाइल तपासणीचं वाक्य खोडलं, बाजूला छोटी सही केली. पहिल्या वाक्यात "सार्वजनिक" हा शब्द घातला. "प्रतिमेला धक्का" ऐवजी मी धमकी, छळ, सट्टा आणि उत्तेजकं असं लिहायला सांगितलं. ते त्यांनी प्राचार्यांना विचारून सांगतो म्हटलं. बाकीच्या मुलींच्या फॉर्मचं काय, असं विचारल्यावर त्यांनी खोक्याखालच्या फाइलकडे हात केला. ते आधीच जमा झाले होते.

रविवारी दुपारी चार मुली घरी आल्या, हमीपत्राचे फोटो मोबाइलवर घेऊन. सही केलेली मागे घेता येते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. येते, म्हटलं, आणि चार ओळींचा अर्ज सांगितला: सार्वजनिक खात्याची माहिती देतो, बाकी दोन वाक्यांना दिलेली संमती मागे घेतो. लिहून झाल्यावर त्यांच्यातली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "पण मग टीममधून काढलं तर?" याचं उत्तर माझ्याकडे कुठल्याच कलमात नव्हतं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग भाची आतून दुसरं पेन घेऊन आली. वेगवेगळे अर्ज न करता एकच करू, असं त्यांचं ठरलं. आधी नाव कुणाचं लिहायचं यावर पाच मिनिटं गेली. शेवटी पाचही जणींनी चेस्ट नंबरांच्या क्रमाने सह्या केल्या.